पान चौदावरचं वाक्य

फिरदोस शिकलगारनं ते वाक्य लिहिलं, तेव्हा तिला स्वतःचं कौतुक वाटलं होतं.

सांगलीजवळच्या माधवनगरच्या एका कारखान्यात ती नोकरीला होती. तिथं हळद शिजवायची यंत्रं बनायची. खाली भट्टी, भट्टीवर पाण्याची लोखंडी टाकी, टाकीतली वाफ नळ्यांमधून बाजूच्या चार पिंपांत जायची, आणि पिंपांत रानातून काढून आणलेली ओली हळद. फिरदोस भौतिकशास्त्र घेऊन बी.एस्सी. झालेली. ती कोटेशनं टाइप करायला म्हणून लागली आणि मराठी बरं लिहिते म्हणून यंत्राबरोबर द्यायचं माहितीपुस्तक तिच्या गळ्यात पडलं.

मूळ मजकूर कारखान्याचे इंजिनिअर जयराज सूर्यवंशी इंग्रजीत द्यायचे. पन्नाशीचे, सडसडीत, शब्दाला फार जपणारे. फिरदोसनं 'पाणी कमी झाल्यास' असं लिहिलं की ते तांबड्या पेनानं खोडायचे आणि विचारायचे, "कमी म्हणजे किती? कशापेक्षा कमी?" शेवटी ती कॉलेजच्या लायब्ररीतून परिभाषा कोश घेऊन आली आणि दोन दिवस बसून तिनं पान चौदावरचं वाक्य जुळवलं.

'जलपातळी निर्देशकातील पातळी किमान अनुज्ञेय मर्यादेखाली गेल्यास, तापीय आघात टाळण्याकरिता, पुरेसे शीतलन होईपर्यंत भरणजल प्रवेशित करण्यात येऊ नये.'

जयराज सरांनी ते दोनदा वाचलं आणि पहिल्यांदाच काही खोडलं नाही. पुस्तक छापून आलं. शेवटच्या पानावर बारीक अक्षरात 'मराठी मजकूर: फिरदोस शिकलगार' असं होतं. तिनं एक प्रत घरी नेऊन अब्बांना दाखवली.

त्यानंतर तीन वर्षांनी मार्चमध्ये उंब्रजजवळच्या एका वाडीवरून फोन आला. केरबा जगदाळे नावाच्या गिऱ्हाईकाच्या यंत्राची टाकी फाटली होती. टाकीतलं पाणी संपलं होतं, खाली जाळ चालू होता, आणि केरबांनी वरून गार पाणी ओतलं. तापून लाल झालेल्या पत्र्यावर पाणी पडलं की त्याची एका क्षणात वाफ होते आणि तिला जायला वाट राहत नाही. टाकी सांध्यावर उकलली. केरबांचा डावा हात कोपरापासून आणि मानेची एक बाजू भाजली. ते कराडच्या दवाखान्यात आठवडाभर होते.

कारखान्याचे मालक दादासो माणूस म्हणून वाईट नव्हते. एका वेल्डिंग मशीनवर त्यांनी सुरुवात केली होती. त्यांनी दवाखान्यात फळं पाठवली, फाटलेलं यंत्र टेम्पोत घालून परत आणवलं. पण केरबांच्या पोराचं पत्र आलं, त्यात 'यंत्र सदोष आहे' असं लिहिलेलं होतं, तेव्हा त्यांचा सूर बदलला. त्यांनी फिरदोसला केबिनमध्ये बोलावलं.

"दोन ओळींचं उत्तर लिही. पुस्तकातली सूचना पाळली नाही, म्हणून अपघात झाला. पान चौदाची झेरॉक्स जोड. खाली तुझी सही, पुस्तक तुझं आहे म्हणून. आजच जाऊ दे."

फिरदोस जागेवर येऊन बसली. पत्र लिहायला पाच मिनिटं पुरली असती. पण पाणी ओतलं ते किती वाजता, जाळ किती वेळ चालू होता, असला तपशील पत्रात असावा म्हणून तिनं केरबांना फोन लावला. आपण कारखान्यातनं बोलतोय म्हटल्यावर माणूस ओरडेल, असं तिला वाटलं होतं. केरबा ओरडले नाहीत.

"म्याडम, मी बुक वाचलं व्हतं," ते म्हणाले. "दोनदा वाचलं. काचंत पानी दिसंना, तवा पळत घरात गेलो, बुक काढलं, पान काढलं. त्यात लिवल्यालं हाय की. थंड व्हईस्तोवर पानी भरा म्हून. तसं भरलं."

फिरदोसनं पेन खाली ठेवलं.

"काका, तसं नाही लिहिलेलं," ती म्हणाली. "भरू नका, असं लिहिलंय."

"व्हय? मग आमाला ते दिसलं न्हाई बगा."

तिनं पान चौदा उघडलं. शीतलन होईपर्यंत भरणजल. घाईत, समोर जाळ असताना, वाक्यातले ओळखीचे वाटणारे दोनच शब्द हाताला लागतात, गार करणं आणि पाणी भरणं. 'नये' अगदी शेवटी, ओळ संपताना. तिथवर कोण पोचणार?

त्या दिवशी तिनं पत्र लिहिलं नाही, तपशील यायचाय असं केबिनमध्ये सांगितलं. घरी गेल्यावर अब्बांना सगळं सांगितलं. मोहिद्दीन शिकलगार आयुष्यभर कात्र्या-विळ्यांना धार लावत आलेले. घरात ते दखनीत बोलायचे. त्यांनी जेवता जेवता एवढंच विचारलं, "उस किताब पे नाम किसका है?"

गुरुवारी कारखान्याला सुट्टी असायची. फिरदोस सकाळच्या एसटीनं कराडला आणि तिथून माणसं कोंबून नेणाऱ्या वडापच्या जीपनं वाडीवर गेली. कुणाला विचारलं नव्हतं. पिशवीत पुस्तकाची एक प्रत आणि वही होती.

केरबा जगदाळे ओसरीवर बसले होते. साठी उलटलेला, ताठ पाठीचा माणूस. हात बगळ्यासारख्या पांढऱ्या पट्ट्यांत गुंडाळलेला. अठरा वर्षं फौजेत, त्यातली बरीच गाड्या दुरुस्त करायच्या वर्कशॉपात. त्यांची सून क्रांती चहा घेऊन आली. ती मराठी घेऊन बी.ए. झालेली होती आणि यंत्राजवळ तीच जास्त असायची.

फिरदोस म्हणाली, "काका, आधी सांगते. हे पुस्तक मी लिहिलंय."

केरबांनी तिच्याकडे नीट पाहिलं. "तुमी? मला वाटलं कोन म्हातारा असंल पुन्याचा."

"मी सांगलीचीच आहे. मला बघायचंय, माझं काय चुकलं. वहिनी, पान चौदा मोठ्यानं वाचाल का?"

क्रांतीनं वाचलं. बातम्या द्याव्यात तसं, कुठंही न अडखळता, 'अनुज्ञेय' सकट. वाचून झाल्यावर तिनं मान वर केली.

"आता पुस्तक मिटा," फिरदोस म्हणाली. "काचेत पाणी दिसत नाही. काय कराल?"

क्रांतीनं पुस्तक मिटलं. मग म्हणाली, "शीतलन होईपर्यंत... पाणी भरायचं. न्हाई, थांबा." तिनं पुन्हा पुस्तक उघडलं, ओठ हलवत वाचलं आणि तिचा चेहरा लाल झाला. "मी बी.ए. हाय ओ ताई."

"चूक तुमची नाही."

"मग कुनाची?"

"माझी," फिरदोस म्हणाली. आतापर्यंत ती हे मनात म्हणत होती. तोंडातून निघालं तेव्हा तिला उलट जरा बरं वाटलं.

मग तिनं वही काढली आणि दुपारपर्यंत ती विचारत बसली. जलपातळी निर्देशकाला तुम्ही काय म्हणता? काच. भरणजलाला? नुसतं पानी, त्येला काय म्हनायचं. केरबांना हळूहळू मजा यायला लागली. ते सांगायला लागले, "आमच्या वर्कशॉपात बुक असायचं. एक नंबर, ह्ये करा. दोन नंबर, त्ये करा. आन् जे करायचं न्हाई, ते सगळ्यात आदी. कारन शेवटपर्यंत वाचायला मानूस जित्ता राहील का न्हाई, कुनाला ठावं?"

ते हसले. क्रांती हसली नाही.

फिरदोसनं वहीत लिहिलं: 'काचेत पाणी दिसेनासं झालं तर टाकीत पाणी घालू नका. आधी जाळ ओढा. तासभर थांबा. मग पाणी घाला.' आणि क्रांतीला वाचायला दिलं.

"हां," क्रांती म्हणाली. "पन जाळ ओढा म्हंजी? आत ओढायचा का भायेर? आमच्यात जाळ ओढ म्हटलं की कुनी लाकडं म्होरं सारतं, कुनी मागं घेतं."

फिरदोसनं ते खोडलं. 'लाकडं बाहेर काढा' असं केलं. चार सोप्या शब्दांतही माणूस मरण्याएवढी जागा राहते, हे तिला त्या ओसरीवर कळलं.

शुक्रवारी तिनं तो कागद जयराज सरांपुढं ठेवला आणि वाडीवर जाऊन आल्याचं सांगितलं. सरांनी कागद वाचला. पेन काढलं.

"काचेत पाणी दिसेनासं म्हणजे पातळी किमान मर्यादेच्या आणखी दोन इंच खाली गेलेली असणार."

"काचेवर किमान मर्यादेची खूण तीन महिन्यांत धुरानं काळी होते, सर. परत आलेल्या टाकीवर मी बघितलंय. काच पुसली तरी खूण दिसत नाही. पाणी आहे का नाही, एवढंच दिसतं."

त्यांनी ती ओळ खोडली नाही. पुढं गेले. "हे 'तासभर' कुठून आलं?"

"अंदाजानं," ती म्हणाली.

"अंदाजानं." जयराजनी पेन टेबलावर ठेवलं. ते कधी आवाज चढवत नसत, आताही चढवला नाही. "माझं वाक्य कळलं नाही म्हणून एक माणूस भाजला. तुझं वाक्य सगळ्यांना कळेल. आणि मग सगळे बरोबर एका तासानं पाणी ओततील."

ती रात्री झोपताना त्या चार ओळींवर खूश होती. तिनं कागदाकडे पाहिलं, मग सरांकडे.

"मग किती वेळ थांबायचं, सर?"

जयराजनी कागद पुन्हा हातात घेतला.

"तुमच्या मजकुरात 'पुरेसे शीतलन' आहे," ती म्हणाली. "मी 'कमी' लिहिलं की तुम्ही विचारायचा, कमी म्हणजे किती. पुरेसं म्हणजे किती?"

खाली शेडमध्ये कुणीतरी पत्रा कापत होतं. जयराजनी पेन उचलून खिशात ठेवलं. मग म्हणाले, "मला माहीत नाही. कुणी मोजलेलं नाही."

केरबांची फाटलेली टाकी शेडच्या मागं पडून होती. ती पुन्हा विकायची नव्हतीच. सोमवारी दादासो कामाला पुण्याला गेले, त्या दिवशी सकाळी नऊला फिरदोस आणि जयराजनी ती एका भट्टीवर चढवली. खाली लाकूड आणि उसाचं चिपाड पेटवलं. जयराजनी लांबून तापमान मोजायचं यंत्र आणलं होतं, पिस्तुलासारखं दिसणारं. पत्रा तांबूस झाला तेव्हा त्यांनी जाळ थांबवला, लाकडं बाहेर काढली आणि फिरदोसनं वहीत वेळ लिहिली.

एका तासानं पत्र्याचं तापमान तीनशेच्या वर होतं. जयराजनी तांब्यातलं थोडं पाणी टाकलं. ते पत्र्याला न टेकता गोळ्या होऊन नाचलं आणि नाहीसं झालं.

"तुझा तासभर," ते म्हणाले.

"लिहिलं," फिरदोस म्हणाली.

पण तापमान उतरतच नव्हतं. दोन तास झाले तरी अडीचशे. जयराज वाकून भट्टीत बघत राहिले आणि मग त्यांच्या लक्षात आलं. लाकडं काढली होती, निखारे आतच होते. फावड्यानं त्यांनी ते ओढून बाहेर काढले, घामानं त्यांचा शर्ट पाठीला चिकटला. मंगळवारी सगळं पहिल्यापासून पुन्हा केलं. या वेळी लाकडं आणि निखारे दोन्ही काढले. तीन तासांनी पत्रा पंचाण्णववर आला.

"साडेतीन तास," जयराज म्हणाले. "थोडी सोय ठेवून."

"साडे कुणी ऐकत नाही, सर. चार लिहू."

"चार अचूक नाही."

"चार तासांनी पाणी घातलं तर कुणी भाजेल?"

"नाही."

"मग अचूक आहे."

त्यांनी विचार केला. "पाच तासांनी घातलं तरी कुणी भाजणार नाही. म्हणून 'किमान चार तास' असं लिही."

"चार तास तरी," फिरदोस म्हणाली.

"तेच झालं."

"तेच. फक्त वाडीवर कळेल असं."

त्यांनी मान हलवली. तो होकार होता.

दुपारी त्या दोघांनी मिळून केरबांना पत्र लिहिलं. फिरदोसनं पहिली ओळ लिहिली, 'पुस्तकातली सूचना चुकीची होती.' जयराजनी हात आडवा केला.

"चुकीची नव्हती. वाक्य बरोबर आहे. नसलेली चूक मी कबूल करणार नाही."

"सर, आता तरी..."

"आताच तर. लिही, 'सूचना बरोबर होती, पण अशी लिहिलेली होती, की घाईत वाचणाऱ्याला तिचा उलटा अर्थ लागतो. आम्ही हे स्वतः पाहिलं. किती वेळ थांबायचं, हे पुस्तकात दिलेलं नव्हतं आणि आम्ही ते मोजलेलंही नव्हतं.' हे खरं आहे. यावर मी सही करतो."

फिरदोसनं लिहिलं. तिच्या एका ओळीपेक्षा ते जास्त झोंबणारं होतं, आणि प्रत्येक शब्दाला पुरावा होता. खाली नवीन सूचना घातली:

'काचेत पाणी दिसत नाही? टाकीत पाणी घालू नका.
लाकडं आणि निखारे, दोन्ही भट्टीतून बाहेर काढा.
चार तास तरी थांबा.
घाईनं गार पाणी घातलं तर टाकी फुटते, माणूस मरतो.'

बुधवारी सकाळी दादासो पुण्याहून आले आणि पहिली गोष्ट विचारली ती पत्राची. फिरदोसनं कागद पुढं केला. त्यांनी वाचला. खाली दोन सह्या बघून पुन्हा वाचला.

"हे काय आहे?"

"केरबा जगदाळेंना उत्तर."

"हे उत्तर नाही. हा आपल्याविरुद्धचा कागद आहे." त्यांनी तो दोन बोटांनी उचलून धरला. "फिरदोस, तुला कळतंय का? उद्या हे कोर्टात गेलं तर हाच कागद वाचून दाखवतील. ते पुस्तक मी तपासून घेतलंय. त्यातला शब्द न् शब्द नियमाला धरून आहे. म्हणून तर ते तसं लिहून घेतलं."

"साहेब, कोर्टात वाचायला ते पुस्तक चांगलं आहे. जाळापुढं बसून वाचायला नाही. केरबा काका कोर्टात बसून हळद शिजवत नव्हते."

"बोलू नको जास्त. हे मी ठेवतो माझ्याकडे. तू साधं पत्र लिही, मी सांगितलं तसं. नवीन सूचना चांगली आहे, मी नाही म्हणत नाही. जुनी पुस्तकं संपली की पुढच्या छपाईत घालू."

"जुनी पुस्तकं शंभर आहेत. संपायला दोन वर्षं लागतील."

"मग दोन वर्षांनी घालू."

"दोन वर्षांत किती जण पाणी ओततील, ते मोजायचं का?"

दादासोंनी कागद ड्रॉवरमध्ये टाकला आणि ड्रॉवर लावला. त्यांचा आवाज खाली आला. ते रागावले की असाच खाली यायचा. "तुला उद्यापासून घरी बसवू शकतो मी."

"बसवा, साहेब. पण ते पत्र काल चार वाजता माधवनगरच्या पोस्टातून रजिस्टर गेलंय. तुमच्याकडे आहे ती प्रत. आणि ज्यांनी ज्यांनी आपलं यंत्र नेलंय, त्या सगळ्यांना नुसती सूचना पाठवली. एकशे बारा पाकिटं. पत्ते माझ्याकडेच असतात."

"कुणाला विचारून?"

"कुणालाही नाही. पुस्तकावर नाव माझं आहे. चुकलं तर मला बोलावतील, तसं ठरलं होतं ना? पान चौदाखाली माझी सही मागत होता तुम्ही. सही केली. मला जे खरं वाटतं त्याखाली केली."

दादासो काही बोलणार, तेवढ्यात दार उघडलं. जयराज आत आले. त्यांच्या हातात वही होती, दोन दिवसांच्या तापमानांची. त्यांनी ती टेबलावर उघडून ठेवली.

"तूपण?" दादासो म्हणाले. "जयराज, तू वीस वर्षं माझ्याबरोबर आहेस. तुझ्या शब्दावर मी हे यंत्र बाजारात आणलं."

"म्हणूनच," जयराज म्हणाले. "जुन्या पुस्तकात 'पुरेसे' आहे. पुरेसे म्हणजे काहीच नाही. जे मोजलेलं नाही ते मी छापू दिलं. ते पुस्तक आता एकाही यंत्राबरोबर जाणार असेल, तर तपासणीच्या कागदावर सही दुसऱ्या कुणाची तरी घ्या."

तपासणीच्या कागदाशिवाय यंत्र फाटकाबाहेर जात नसे. शेडमध्ये त्या दिवशी नऊ यंत्रं तयार उभी होती आणि हळदीचा हंगाम चालू होता. दादासोंनी वहीतले आकडे एकेक करून वाचले. फिरदोसला वाटलं, ते आता दोघांनाही काढतील. त्यांनी चष्मा काढला, पुसला.

"पुस्तक मी बदलणार नाही," ते म्हणाले. "वकिलाला विचारल्याशिवाय नाही. टाकीवर रंगवा काय रंगवायचं ते."

एवढंच मिळालं. फिरदोसनं ते घेतलं. पेंटरला बोलावून तिनं नऊही टाक्यांवर, काचेच्या बरोबर शेजारी, त्या चार ओळी पिवळ्या रंगात लिहून घेतल्या. पेंटरनं 'निखारे'चा रफार कुठं द्यायचा, असं विचारलं. रफार नाही, असं सांगून ती अक्षर न् अक्षर बघत उन्हात उभी राहिली. केबिनच्या खिडकीतून दादासो बघत होते, ते तिला दिसत होतं. तिनं तिकडं पाठ केली.

पुढचे दोन महिने दादासो तिच्याशी कामापुरतंच बोलले. पुस्तकाचं काम तिच्याकडून काढून घेतलं, तिला पुन्हा कोटेशनं टाइप करायला बसवलं. तिनं टाइप केली. केरबांच्या पोरानं कोर्टात जायचं म्हटलं होतं, पण पत्र वाचल्यावर केरबा म्हणाले, ज्यांनी तोंडावर येऊन कबूल केलं त्यांच्यावर दावा मी लावणार नाही, मला टाकी नवी द्या. पोरगा त्यावर बापाशी भांडला. दादासोंनी टाकी नवी दिली. वकिलानं काय सांगितलं, ते फिरदोसला कधी कळलं नाही, पण जूनमध्ये उरलेल्या जुन्या पुस्तकांचा गठ्ठा रद्दीत गेला आणि पुस्तकाची फाइल न बोलता तिच्या टेबलावर परत आली.

तिनं फाइल उघडायच्या आधी केबिनमध्ये जाऊन एक अट सांगितली. ज्यांनी यंत्र कधी बघितलेलं नाही अशी तीन माणसं आणून यंत्रापुढं उभी करायची. ती मोठ्यानं वाचतील, पुस्तक मिटतील आणि काय करायचं ते सांगतील. तिघांपैकी एकाचं जरी चुकलं तरी ते पान छापायचं नाही. आणि जयराज सरांनी मोजलेला नाही असा एकही आकडा आत येणार नाही. दादासो म्हणाले, "मालक कोण आहे इथं?" ती म्हणाली, "तुम्हीच. पुस्तक तेवढं माझं." त्यांनी हात झटकला. तिनं तो होकार धरला.

नवीन पुस्तक सोळा पानांचं झालं. आधीचं चाळीस पानांचं होतं. जयराजनी एकेक पान तांबडं केलं, तिनं एकेक पान पुन्हा लिहिलं, आणि चार-पाच ठिकाणी दोघांत असं भांडण झालं की शेडमधली माणसं काम थांबवून ऐकत. दिवाळीनंतर दोनशे प्रती छापून आल्या.

जानेवारीत हंगाम सुरू झाल्यावर शिराळ्याजवळून बनुबाई नावाच्या बाईंचा फोन आला. त्यांनी नवीन यंत्र घेतलं होतं.

"बाई, बुक झ्याक हाय," त्या म्हणाल्या. "पर नऊ नंबरच्या पानावर तुमी लिवलंय, वाफ सोडायचा खटका डावीकडं फिरवा. डावीकडं म्हंजी कुनाच्या डावीकडं? मी भट्टीच्या तोंडाकडं हुबी असती, तवा माझ्या डावीकडं त्यो बंद व्हतोय."

फिरदोसनं पान काढलं. बनुबाईंचं बरोबर होतं. तिघांनी वाचलं होतं, तिघांनी बरोबर सांगितलं होतं, पण तिघंही खटक्याच्या बाजूला उभे होते. तिनं बनुबाईंना विचारलं, कुणाला काही झालं का? नाही, त्यांच्या आधीच लक्षात आलं होतं. तिनं फोन ठेवला आणि तशीच केबिनमध्ये गेली. दोनशेतल्या अजून पावणेदोनशे प्रती गोदामात होत्या.

दादासोंनी ऐकून घेतलं. डोळे मिटले. "आता ती पण रद्दीत घालायची का?"

"नको. चिठ्ठी चिकटवू."

"शेवटच्या पानावर एक शुद्धिपत्र लाव, बारीक अक्षरात. संपलं."

"शेवटच्या पानावर कोण बघतं, साहेब? पहिल्या पानावर लावते, मोठ्या अक्षरात. चूक काय होती आणि ती कुणी दाखवली, तेपण लिहिते. शिराळ्याच्या बनुबाईंनी."

"म्हणजे उघडलं की पहिली आपलीच चूक दिसणार गिऱ्हाइकाला."

"हो," फिरदोस म्हणाली. तिनं गोदामाची किल्ली उचलली आणि जयराज सरांना खटका पुन्हा बघायला बोलवायला निघाली.